पाट्याचा पोत आणि आत्याचा गाल

गेल्या दिवाळीत आत्याच्या पंचाहत्तरीनिमित्त मी तिचे एक छायाचित्र तयार केले होते. ठाण्याला चरईतल्या घरात ती खिडकीशी तांदूळ निवडत बसली आहे, डावीकडून येणारा सकाळचा उजेड सुपावर आणि तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला आहे, असे ते चित्र. त्याला जुन्या तैलचित्राची कळा यावी म्हणून मी पोपडे धरलेल्या एका भिंतीचे छायाचित्र त्यावर पातळ करून पसरले. संगणकावर ते सुरेख दिसत होते. छापून आलेली प्रत हातात घेऊन आत्याने चष्मा लावला, थोडा वेळ निरखून पाहिले आणि विचारले, “अगं, माझ्या गालावर हा नायटा कधी उठला?”

चूक छापखान्याची नव्हती, माझीच होती. मूळ चित्र सहा हजार गुणिले चार हजार पिक्सेलचे, आणि मी ते पडद्यावर तिपटीहून लहान करून पाहत होते, त्यामुळे भिंतीचे बारीक पोपडे त्यात विरून गेले होते. अठरा बाय बारा इंचांच्या कागदावर मात्र इंचाला ३३३ पिक्सेल उतरले आणि प्रत्येक पोपडा आपापल्या जागी ठसठशीत उभा राहिला. तेव्हापासून चित्र शंभर टक्क्यांवर ठेवून, म्हणजे त्याचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर आणून, चेहरा तपासल्याशिवाय मी काहीही छापायला देत नाही.

कापडाला पोत असतो, जमिनीला असतो, तसा तो चित्रालाही देता येतो. अंधाऱ्या खोलीत छपाई होत असे त्या काळातही दोन निगेटिव्ह एकावर एक ठेवून एकच चित्र काढण्याची रीत होती. १९९४ मध्ये फोटोशॉपच्या ३.० या आवृत्तीत लेअर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे चित्रांचे थर, आले आणि हे काम पुन्हा पुन्हा करून पाहता येण्याजोगे झाले. आज गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही त्यासाठी लागणारे सर्व काही आहे. सोय झाली तसा त्याचा अतिरेकही झाला. हललेल्या, फसलेल्या छायाचित्रावर ओरखडे पसरून त्याला ‘कलात्मक’ म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. मूळ चित्रात उजेड नसेल तर भिंत तो कोठून आणणार?

पोत मी स्वतःच टिपते. इंटरनेटवरून उतरवलेली दीड हजार पिक्सेल रुंदीची फुकट भिंत सहा हजारांपर्यंत ताणली की तिचा दाणाच हरवतो. शिवाय ठाण्यात राहणाऱ्याला भिंतींची वाण नाही. पावसाळा सरता सरता जुन्या इमारतींच्या गिलाव्यावर ओलीचे डाग आणि शेवाळाचे थर असे काही चढतात की ते कोणी मुद्दाम रंगवले असावेत असे वाटावे. चेंदणी कोळीवाड्यात दुरुस्तीसाठी उपडी घातलेल्या एका होडीच्या बुडाशी निळा, त्याखाली हिरवा आणि त्याखाली भगवा असे रंगाचे तीन थर सोललेले दिसले होते. ते छायाचित्र मी आजवर निदान दहा वेळा वापरले असेल. टिपताना कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर धरावा लागतो, नाहीतर एक बाजू धूसर होते, आणि फ्लॅश वापरला तर उठाव पार सपाट होतो.

आता मासुंदा तलावाचे उदाहरण घेते. जुलैतल्या एका सकाळी मी तलावपाळीवरून बांधलेल्या बोटींचे छायाचित्र काढले. बोटी आणि त्यांच्या सावल्या उत्तम आल्या, पण आभाळ धुतलेल्या चादरीसारखे कोरे. त्यावर मी होडीच्या बुडाचा पोत मल्टिप्लाय या मोडमध्ये ठेवला. मोड म्हणजे वरचा थर खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत. उजळपणा काळ्यासाठी ० ते पांढऱ्यासाठी २५५ असा मोजतात; मल्टिप्लायमध्ये दोन्ही चित्रांच्या उजळपणाचा गुणाकार होऊन त्याला २५५ ने भागले जाते. पोताच्या एखाद्या ठिकाणी २०० हा आकडा असेल, तर २५० उजळपणाचे आभाळ तेथे १९६ वर येते, म्हणजे चांगलेच मळते. मात्र बोटीच्या सावलीतला २० चा काळोख जेमतेम १६ होतो आणि तो फरक डोळ्याला कळतही नाही. थोडक्यात, पोत आभाळाला मिळतो आणि बोटी होत्या तशा राहतात. हेच सॉफ्ट लाइट या दुसऱ्या मोडने करायला गेले असते तर पुरत्या पांढऱ्या झालेल्या भागावर काहीच उमटले नसते, कारण तो मोड शुद्ध पांढऱ्याला आणि शुद्ध काळ्याला हात लावत नाही.

चेहऱ्याच्या चित्रांसाठी मात्र मला सॉफ्ट लाइटच बरा वाटतो. त्यात मधला करडा, म्हणजे १२८ च्या आसपासचा, तटस्थ असतो: त्याहून उजळ ठिपका खालचे चित्र उजळतो, गडद ठिपका ते गडद करतो आणि करडा ठिपका काहीच करत नाही. म्हणून पोताचे छायाचित्र मी आधी रंगहीन करते, नाहीतर शेवाळाचा हिरवा रंग माणसाच्या कातडीवर चढतो. मग त्यावर हाय पास फिल्टर चालवते. भिंतीची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असेल तर तो ढोबळ फरक या फिल्टरने निघून जातो आणि सपाट करड्यावर फक्त ओरखडे आणि दाणे उरतात. फिल्टरची त्रिज्या, म्हणजे तो किती पिक्सेलपर्यंतचे बारकावे राखतो तो आकडा, किती ठेवायची हे पोपड्यांच्या आकारावर ठरते; ती पोपड्याहून मोठी हवी, एवढे पाळले की पुरते.

या सगळ्यानंतरही आत्याचे चित्र बिनसले होते, आणि त्याचे कारण मला फार उशिरा उमगले. खिडकीचा उजेड डावीकडून येत होता, पण माझ्या भिंतीवरच्या पोपड्यांच्या सावल्या डावीकडे पडल्या होत्या, म्हणजे तेथे ऊन उजवीकडचे होते. भिंत आडवी उलटवली असती तरी ते जुळले असते, पण एव्हाना त्या भिंतीवरून माझे मन उडाले होते.

दुसऱ्या खेपेला मी आत्याच्याच गॅलरीत, मिक्सर आल्यापासून कुंड्यांखाली गेलेला तिचा पाटा बाहेर काढून धुतला आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, ऊन डावीकडून येईल असा ठेवून टिपला. कडांना टाकीचे घाव अजून स्पष्ट होते. मधला भाग चाळीस वर्षांच्या वाटणाने गुळगुळीत झाला होता. हाय पासनंतर तो मधला भाग साहजिकच जवळजवळ कोरा करडा उरला. तो मी नेमका चेहऱ्यावर बसवला. घाव भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर आणि तिच्या पातळाच्या निऱ्यांवर उतरले. लेअर मास्कवर, म्हणजे थराचा नको तो भाग झाकणाऱ्या पडद्यावर, काळा ब्रश मला फक्त उजव्या भुवईपाशी फिरवावा लागला, पोताची ओपॅसिटी, म्हणजे तो किती गडद दिसावा ते प्रमाण, पस्तीस टक्क्यांवर ठेवली आणि या वेळी प्रत मॅट कागदावर काढली.

आत्याने पुन्हा चष्मा लावला. गालाबद्दल ती काही बोलली नाही. चित्राच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, “हा आपला पाटा ना गं? बघ, मधे काही राहिलंच नाही त्याला. टाकीवाली दिसली खाली, तर थांबवून ठेव.”