फोकस ग्रुपमध्ये कोणाला बसवायचं?

फोकस ग्रुप म्हणजे एका विषयावर मोजक्या लोकांची गटचर्चा. दहा जणांना एकदम विचारून वेळ वाचवायची सोय म्हणून ती घेऊ नका. लोक एकमेकांना कुठे दुजोरा देतात, कुठे हटकतात, हेच त्यात टिपायचं असतं. म्हणून बैठकीला कोण कोण आहे, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर (वस्तीवर) नळाच्या पाण्याबद्दल बायकांची मतं घ्यायची आहेत असं धरा. एका गटात ६ ते ८ जणी पुरेत. एखाद-दुसरी ऐनवेळी येत नाहीच, म्हणून निरोप १० जणींना द्या. सासू-सून एकाच गटात नकोत. सून गप्प बसते आणि तिचं गप्प बसणं नोंदीत सहमती म्हणून जातं. पंच खुर्ची टाकून बसले तर चर्चा संपलीच म्हणा. त्यांची मुलाखत आदल्या दिवशी घरी जाऊन घ्यावी, मानही राहतो. देवळाचा सभामंडप सोयीचा खरा, पण तिथं यायला जिला अवघड वाटतं ती अभ्यासातून आपोआप गळते. त्यापेक्षा अंगणवाडी बरी.

प्रश्न ५-६च ठेवा, वेळ दीड तासापर्यंत. 'पाणी नियमित येतं का?' यावर 'येता' एवढंच मिळतं. 'काल पाणी किती वाजता आलं? तोवर घरात काय काय अडलं?' असं विचारलं की एक सांगू लागते, दुसरी तिला मध्येच दुरुस्त करते. तिथं आपण तोंड उघडू नये. शांतता पडली तर मनात पाचपर्यंत मोजा, कोणीतरी बोलतंच. फार बोलणारीला आपल्या शेजारी बसवा, अबोल बाईला समोर. आपली नजर जाईल तिकडे बोलणं वळतं.

रेकॉर्डर दोन, दोन टोकांना. पावसाळ्यात पत्र्याखाली बैठक नकोच, एक सर आली की रेकॉर्डिंग वाया. नोंदी घेणारी दुसरी व्यक्ती हवीच: प्रत्येक वेळी बोलणारीचा खुर्ची क्रमांक आणि पहिले दोन-तीन शब्द तिनं लिहायचे. नाहीतर उतरवताना आवाज ओळखू येत नाहीत, आणि तासाभराचं बोलणं उतरवायला एरवीही ४ ते ६ तास जातात.

अहवालात '८ पैकी ५ जणींना वाटतं' असं लिहू नका. ही मोजणी नव्हेच. एका गटावर निष्कर्षही नको. एकाच प्रकारच्या लोकांचे ३-४ गट घ्या, नवं काही येईनासं झालं की थांबा.

गुप्ततेची पुरती हमी मात्र देऊ नका, वाड्यावर बातमी फिरते. कर्ज, दारू, मारहाण हे विषय गटात काढूच नयेत. त्यासाठी एकेकीला वेगळं भेटावं.