फ्रायडे हार्बरला छोट्या बोटींचा मेळावा: पुढे जाणाऱ्यांसाठी टिपणं

वॉशिंग्टन राज्यातल्या ॲनाकोर्टिसहून सान हुआन बेटावरच्या फ्रायडे हार्बरला पोचायला साधारण २० नॉटिकल मैल पडतात. सिएटलच्या आसपासच्या मंडळींच्या २० ते २६ फुटी, ट्रेलरवरून ओढून आणलेल्या अकरा बोटी सप्टेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी तिथल्या मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदरात, जमल्या. बऱ्याचशा बोटी मराठी घरांतल्या. वाटेत समुद्राने कुणाला त्रास दिला नाही. धांदल उडाली ती धक्क्यापासूनच्या शेवटच्या पन्नास फुटांत आणि विजेच्या खांबापाशी, म्हणून या टिपणात समुद्रापेक्षा धक्काच जास्त आहे.

जागा राखताना प्रत्येकाने वेगळा फोन करू नये. एकाने सगळ्यांचा तक्ता करून हार्बरमास्टरच्या ऑफिसला पाठवावा: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, लांबी, रुंदी, वीज हवी की नको, फेंडर (धक्क्यावर घासू नये म्हणून कडेला टांगायच्या हवेच्या उशा) कोणत्या बाजूला लावणार. लांबी म्हणजे कागदावरची नव्हे. कागदोपत्री २२ फुटी बोट मागचं इंजिन, पोहण्याचा प्लॅटफॉर्म आणि पुढचा नांगराचा रोलर धरून सहज २५ फुटांवर जाते. भाडं त्यावर ठरतं आणि जागाही. टेप घेऊन मोजा, ब्रोशर पाहून लिहू नका. रुंदीचा मात्र फायदा होतो. ट्रेलरवर विनापरवाना न्यायची म्हणून अशी बोट सहसा साडेआठ फुटांच्या आत असते. दोन बोटी मिळून १७ फूट, मधल्या आणि कडेच्या फेंडरांसाठी आणखी दोन फूट, म्हणजे २० फुटी जोड-स्लिपमध्ये (दोन बोटींसाठीच्या एका खणात) दोघी शेजारी-शेजारी मावतात. हे ऑफिसला आधी सांगितलं तरच ते तशी जागा ठेवतात. बाहेरच्या लाटरोधक धक्क्याची बाहेरची बाजू शक्यतो टाळा. शेजारीच राज्याची प्रवासी फेरीबोट लागते आणि येणाजाणाऱ्या मोठ्या बोटींच्या लाटांनी रात्रभर दोऱ्या करकरत राहतात.

आता वाट. ॲनाकोर्टिसला दोन पर्याय: कॅप सान्तेला पट्ट्यांनी उचलून पाण्यात सोडणारी क्रेन, किंवा वॉशिंग्टन पार्कचा रॅम्प, म्हणजे ट्रेलर पाण्यात न्यायचा उतार. क्रेनने उतरवायची असेल तर पट्टे कुठे बसवायचे याच्या खुणा बोटीच्या कडेला टेपने आधीच करून ठेवा. पट्टा खोली मोजणाऱ्या सेन्सरवर आला की तो गेलाच म्हणून समजा. तिथून ग्वेमस खाडी, रोझारिओ सामुद्रधुनी आडवी ओलांडून थॅचर पास, मग शॉ आणि लोपेझ बेटांमधला अपराइट चॅनल आणि शेवटी सान हुआन चॅनल.

यात खरी कसोटी रोझारिओची. भरतीचा प्रवाह तिथे उत्तरेकडे जातो, ओहोटीचा दक्षिणेकडे, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तो तीन नॉटच्या (तासाला तीन नॉटिकल मैल) पुढे जातो. दक्षिणेचा वारा आणि ओहोटी समोरासमोर आली की लाटा उंच नसतात, पण इतक्या उभ्या आणि जवळजवळ येतात की २२ फुटी बोटीचं नाक प्रत्येक लाटेत आपटतं. ग्वेमसच्या पश्चिम तोंडाशी पश्चिमेचा वारा आणि ओहोटी यांची तीच तऱ्हा. म्हणून प्रवाह थांबण्याच्या आसपास ओलांडायचं. इथे नवखे हमखास गफलत करतात: प्रवाह थांबण्याची वेळ आणि भरती पूर्ण होण्याची वेळ एक नसते. भरती-ओहोटीचं कोष्टक वेगळं, प्रवाहाचं वेगळं, आणि पाहायचं ते प्रवाहाचं. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा वाढतो, तेव्हा सकाळची वेळ सापडली तर सोनंच. ऑगस्टमध्ये मात्र सकाळीच धुकं असतं. रडार नसेल तर ते विरेपर्यंत धक्का सोडू नये.

रोझारिओतून मार्च पॉइंटच्या रिफायनऱ्यांची टँकर जहाजं जातात. व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या रेडिओवर, ५ए चॅनल ऐकत राहा, तिथे जहाजांची ये-जा कळते. आपण फक्त ऐकायचं, आणि त्यांच्या वाटेत यायचं नाही. १६, म्हणजे संकटाच्या हाकेचा चॅनल, तर लावलेला असतोच. आपापसांतल्या गप्पांसाठी ६८ किंवा ७२ ठरवून घ्या. वेग सगळ्यात संथ बोटीचा. पेट्रोलचं गणित तिसऱ्या हिश्श्याचं: एक जायला, एक यायला, एक राखीव. उधाणाच्या भरतीनंतर किनाऱ्यावरचे ओंडके तरंगत बाहेर येतात, त्यातले काही जेमतेम पाण्याच्या पातळीवर असतात. प्रत्येक बोटीवर जादा प्रोपेलर, त्याचा नट, पिन आणि पाना हवाच. शिवाय खेकड्याच्या सापळ्यांचे लाल-पांढरे बोये आहेतच. वाटेत ऑर्का (किलर व्हेल) दिसले तर इथल्या कायमच्या कळपापासून १००० यार्ड, म्हणजे ९०० मीटरहून जास्त अंतर ठेवणं २०२५ पासून कायद्याने बंधनकारक आहे. फोटो लांबूनच.

मरीनाच्या तोंडाशी अकराही बोटी एकदम गेल्या की गोंधळ ठरलेलाच. दोन-दोन बोटी, दहा मिनिटांच्या अंतराने. ६६ए चॅनलवर ऑफिसशी एकानेच बोलावं. पहिल्या जोडीतल्या माणसांनी आपली बोट बांधली की पुढच्यांच्या दोऱ्या धरायला उभं राहावं. आणि कोणीही उडी मारू नये! सगळ्यात आधी बोटीच्या मधल्या खुंटीवरची आखूड दोरी धक्क्याला अडकवा. मग सुकाणू धक्क्यापासून उलट बाजूला वळवून इंजिन पुढच्या गिअरमध्ये नुसतं चालू ठेवलं की बोट आपसूक धक्क्याला चिकटून राहते आणि उरलेल्या दोऱ्या शांतपणे बांधता येतात. वारा धक्क्याकडून वाहत असेल तर या युक्तीला तोड नाही. दोऱ्या तीन-अष्टमांश किंवा अर्ध्या इंची नायलॉनच्या, निदान सहा, त्यातल्या दोन बोटीएवढ्या लांब. फेंडर चार, शेजारी बोट असेल तर सहा.

या भागातल्या अनेक धक्क्यांवर खुंट्या नसतात, काठाने लांबच लांब तुळई असते, तिला बुलरेल म्हणतात. तुळई आणि फळ्यांच्या मधल्या फटीतून दोरी आरपार घालून वर घ्यायची, परत एक वेढा आणि दोन अर्ध्या गाठी. बोटीतून वाकून हे करायला गेलं की भिजलेलं मऊ टोक फटीत दुमडतं आणि तेवढ्यात वारा बोट ओढून नेतो. टोकाला सहा इंच प्लॅस्टिकची ताठ नळी घट्ट टेपने गुंडाळून ठेवा, एका झटक्यात आरपार जातं.

विजेचा खांब ३० अँपियरचा. आधी खांबावरचा ब्रेकर बंद, मग केबल बोटीत, मग खांबात, पिळून घट्ट, शेवटी ब्रेकर चालू. एक खांब दोन बोटींनी वाटून घेतला तर १५०० वॅटचे दोन हीटर २५ अँपियर खातात. त्यात कुणी चहाची किटली लावली की अंधार. पाळी ठरवा. काही बोटींचा ब्रेकर मात्र काहीही न लावता लगेच पडतो. त्याचं कारण भार नव्हे, विजेची गळती. नव्या खांबांना ती सहन होत नाही. बोटीत कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात, किंवा पाण्याच्या हीटरची कॉइल गेलेली असते. बोटीतले ब्रेकर एकेक करून बंद करत गेलं की दोषी सापडतो. हे घरीच तपासून या.

प्युजेट साउंडसकट या सगळ्या पाण्यात २०१८ पासून संडासाचं पाणी समुद्रात सोडायला बंदी आहे. टाकी मरीनात उपसून घ्या. जेवणाचं म्हणाल तर मसालेभात आणि रस्सा घरून गोठवून आणलेला बरा, बर्फाचंही काम होतं. धक्क्यावर शेगडी पेटवण्याआधी ऑफिसला विचारा.

कागदपत्रं: १ जानेवारी १९५५ किंवा त्यानंतर जन्मलेल्याने १५ हॉर्सपॉवर किंवा जास्तीचं इंजिन चालवायचं तर बोटर कार्ड (बोट चालवण्याचं शिक्षण घेतल्याचं राज्याचं कार्ड) लागतं. १९ फुटांखालच्या बोटीत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अंगात चालत्या बोटीत लाइफ जॅकेट हवंच. पाणी उन्हाळ्यातही दहा-बारा अंशांचं असतं, तेव्हा मोठ्यांनीही घालावं. "आलोच आहोत तर कॅनडात सिडनीला जाऊन येऊ" हा विषय कुणीतरी काढतोच. अमेरिकेचं ग्रीन कार्ड नसेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो आणि परतताना अमेरिकन सीमाशुल्काला कळवावं लागतं. आयत्या वेळी ठरवण्यासारखं हे काम नाही. बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला फोन आपोआप कॅनडाचं नेटवर्क पकडतो, रोमिंग बंद ठेवा.

परतीला रविवारी दुपारी रॅम्पवर रांग लागते. पट्टे, साखळी, दिवे यांची तयारी रांगेत असतानाच करा, रॅम्पवर नको. वर काढल्याबरोबर ड्रेन प्लग उघडा, इंजिनातून दहा मिनिटं गोडं पाणी फिरवा आणि ट्रेलरचे ब्रेक धुतल्याशिवाय हायवेला लागू नका. मिठाने ब्रेक जाम होतात आणि ते पुढच्या खेपेला, भर चढावर कळतं.