सा तिसाचा उरोजो

"सा तिसा," उरोजो नावाचं आंबट सार विकणाऱ्या बाई म्हणाल्या आणि मला नीट कळावं म्हणून त्यांनी नऊ बोटं वर केली. त्यांचं पातेलं तेव्हा रिकामं होऊन पालथं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला मी हुरुम्झीच्या त्या गल्लीत हजर. ओट्यावर कोणीच नाही. अर्धा तास वाट पाहिली. शेवटी समोरच्या शिंपीदादांनी मशीन थांबवून समजावलं, की इथे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, ‘सा मोजा’. मग नववा तास, सा तिसा, म्हणजे आपले दुपारचे तीन.

टांझानियातल्या झांझिबार बेटावरचं जुनं गाव, स्टोन टाउन, विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम सहा अंशांवर आहे. सूर्य बारा महिने साधारण सहाच्या आसपास उगवतो, त्यामुळे ही मोजणी तिथे सुरळीत चालते. मी तिथे तीन आठवडे होते, जुन्या घरांच्या कोरीव दारांची मापं घ्यायला. परत आल्यापासून जो तो विचारतो, "तिथे खायचं कुठे?" पत्ते सांगता येतील, पण नुसत्या पत्त्यावर भागत नाही. तिथलं सगळ्यात चांगलं खाणं एकेका माणसाच्या हातचं आणि एकाच पदार्थाचं असतं. ते ठरलेल्या वेळी येतं आणि तासा-दोन तासांत संपतं. म्हणून मी वेळा लिहिते आहे.

सकाळी सातला दाराजानी बाजाराच्या बाजूला जा. ही बाजाराची इमारत 1904 सालची. तिच्या आसपासच्या गल्ल्यांत विटुंबुआ मिळतात. पहिल्यांदा ते भांडं पाहिलं आणि पाय थबकले, कारण ते चक्क आप्पेपात्र होतं. भिजवलेले तांदूळ नारळाच्या दुधात वाटायचे, साखर, वेलदोडा आणि यीस्ट घालून पीठ फुगवायचं आणि खळग्याखळग्यांत तेल सोडून भाजायचं. कडा तांबूस, कुरकुरीत आणि पोट लुसलुशीत. कागदात बांधून घेऊ नका, वाफेने कडा मऊ पडतात. तिथेच उभ्याउभ्या खा.

नारळाचं तर काय सांगू! मी ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्यांना सगळे ‘मामा’ म्हणायचे, स्वाहिलीत मामा म्हणजे आई. मामा रोज दहाच्या सुमाराला माजघरात एका बुटक्या लाकडी बैठकीवर बसायच्या. बैठकीच्या पुढच्या टोकाला दातेरी लोखंडी जीभ. नारळाची वाटी दोन्ही हातांत धरून त्या जिभेवर फिरवायची आणि खालच्या परातीत पांढराशुभ्र चव पडत राहायचा. माझ्या आजीची खोवणी अगदी अशीच होती. या बैठकीला तिथे ‘म्बुझी’ म्हणतात, शब्दशः शेळी. मामांनी मला बसवून बघितलं आणि माझा हात बसलेला पाहून लगेच दुसरा नारळ फोडला. पातळ दूध आधी, घट्ट दूध शेवटी, आणि ते घातल्यावर खळखळून उकळू द्यायचं नाही. हे मला कुणी नव्याने शिकवावं लागलं नाही.

दुपारच्या जेवणाला म्कुनाझिनी भागातली लुकमान ही खाणावळ. जुना गुलामांचा बाजार 1873 मध्ये बंद झाला, त्या जागी आज अँग्लिकन कॅथेड्रल उभं आहे, त्याच्या जवळच. काउंटरवर मांडलेल्या पदार्थांकडे बोट दाखवायचं आणि ताट भरून घ्यायचं. नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि नारळाच्या रश्यातला ऑक्टोपस, म्हणजे प्वेझा, हे दोन घ्याच. बारा-साडेबाराला पोचा. मी दोनदा उशिरा गेले आणि दोन्ही वेळा ऑक्टोपसचा तळच उरला होता. मासे-मटण न खाणाऱ्यांनी म्चिचा मागावा, माठासारखी पालेभाजी असते. सोबत राजम्यासारख्या घेवड्याची उसळ, तिला महरागे म्हणतात. पुलाव खायचा असेल तर मालिंदी भागात पासिंग शो नावाची खाणावळ आहे, तिथे कामगारांच्या बाकावर जागा मिळेल तशी बसायचं. समुद्राकाठच्या हॉटेलांच्या गच्च्यांवर एकदा सरबत पिऊन या, देखावा सुंदर आहे. पण जेवण कुठल्याही देशात मिळेल असं.

आता उरोजो. त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

तीनच्या आधी पाच मिनिटं बाई येतात. गल्लीतल्या घरांना बाहेरून दगडी ओटे असतात, त्यांना बराझा म्हणतात. त्यातल्या एका ओट्यावर त्या पातेलं ठेवतात आणि शेजारी सात-आठ झाकणाचे डबे ओळीने उघडतात. पातेल्यात हळदीने पिवळंधमक झालेलं, पिठाने दाटसर केलेलं आंबट सार. आंबटपणा कैरीचा आणि लिंबाचा. वाडग्यात आधी उकडलेल्या बटाट्याच्या फोडी. मग डाळीची भजी, त्यांना बजिया म्हणतात. मग ‘कचोरी’ हाताने मोडून. ही कचोरी म्हणजे डाळीच्या पिठात बुडवून तळलेला बटाट्याचा गोळा, आपल्या वड्याचा सख्खा भाऊ. त्यावर पळीभर सार, नारळाची चटणी, तिखट चटणी, कोळशावर भाजलेल्या मांसाचे दोन तुकडे (नको असतील तर आधी सांगा) आणि सगळ्यात वर मूठभर कसावा कंदाचा कुरकुरीत कीस.

पहिला घास कुरकुरीत, चौथ्या-पाचव्या घासाला तो कीस भिजून वेगळीच मऊ चव यायला लागते, आणि तळाशी उरलेलं सार बटाट्याच्या पिठूळपणामुळे आणखी दाट होतं. बाई वाडग्यावर नजर ठेवून असतात. सार कमी पडलं की न विचारता पळी पुढे येते.

मी दिवसभर ज्या दारांची मापं घेत होते त्यांतली कमानीच्या माथ्याची दारं भारतीय धाटणीची मानतात, सरळ चौकटीची अरबी. 1964 च्या क्रांतीनंतर भारतीय वंशाची बरीच कुटुंबं बेट सोडून गेली. दारं जागेवर राहिली, आणि ही कचोरीसुद्धा. ती तळणाऱ्या बाईंना ती भारतातून आली असं मी सांगितलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं. त्यांच्या आजीची कचोरी आहे ती. मला ते पटलं.

संध्याकाळी पाचला जॉज कॉर्नर. गल्ल्या एकत्र येतात त्या चौकात पुरुष बाकांवर बसून डॉमिनो खेळतात, आणि कोळशाच्या शेगडीवरच्या उंच पितळी किटलीतून बिनसाखरेची कडक कॉफी कानाच्या नसलेल्या छोट्या कपांत ओततात. बरोबर काशाता, म्हणजे शेंगदाण्याची चिक्की किंवा खोबऱ्याची वडी. बायका तिथे फारशा बसत नाहीत, पण मला कुणी परकं वाटू दिलं नाही. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणायचं. ‘मरहाबा’ असं उत्तर आलं की बाकावर जागा होते.

अंधार पडला की सगळे पर्यटक फोरोधानी बागेत जातात. आगाखान ट्रस्टने दुरुस्त केलेली ही बाग 2009 मध्ये पुन्हा खुली झाली. सूर्य बुडताना गावातली मुलं धक्क्यावरून समुद्रात सूर मारतात, ते बघायला लवकर जा. समोरचा 1883 चा बैत-अल-अजाइब राजवाडा 2020 च्या डिसेंबरात अर्धवट कोसळला. त्याच्याकडे बघताना माझ्या घशाशी घास अडकायचा. बागेतल्या खाण्यात आलं-लिंबू घातलेला ताजा उसाचा रस आणि समोर लाटून तव्यावर भाजलेला झांझिबार पिझ्झा (पातळ पोळीत खिमा, कांदा, अंडं भरून केलेली चौकोनी घडी) या दोन्हींना माझं मनापासून हो. दिव्याखाली मांडून ठेवलेल्या माशांच्या काड्यांना नाही. एका गाडीवर मी खेकडा घेतला, तो सकाळपासून पुन्हापुन्हा गरम केलेला निघाला, आणि हिशेबाला आकडाही वाढला. भाव आधी ठरवा, सुटे शिलिंग जवळ ठेवा. सगळ्यात मोठी नोट दहा हजारांची असते आणि उरोजोवालीकडे तिचे सुटे नसतात.

रमजानात गेलात तर दिवसा बहुतेक खाणावळी बंद असतात आणि रस्त्यावर उघड खाणं बरं दिसत नाही. तेव्हा सगळं सूर्यास्तानंतर सुरू होतं.

आणि परतीचं विमान शक्यतो संध्याकाळचं काढा. विमानतळ गावाजवळच आहे, तीनचा उरोजो खाऊन सहज पोचता येतं. शेवटच्या दिवशी मी सामान ओट्यावर टेकवूनच वाडगा हातात घेतला. निघताना बाईंनी पुन्हा नऊ बोटं वर केली.