दुसरी एसएसडी टाकली आणि लग्नाचे फोटो अडकले

बुधवार पेठेत लॅपटॉप रिपेअरिंग करतो मी. मागच्या महिन्यात एका शनिवारी शटर अर्धं ओढलं होतं तेवढ्यात सासवडहून एक पोरगा आला, लग्नाचे फोटो काढतो, लॅपटॉपची बॅग पोटाशी धरलेली. म्हणाला दादा एकदा बघा फक्त, दोन दुकानांत फॉरमॅट मारावं लागेल म्हणून सांगितलंय.

चालू केला तर निळी स्क्रीन, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की टाका. आत एका लग्नाचे सगळे फोटो, हळदीपासून पाठवणीपर्यंत, आणि मेमरी कार्डं त्याने पुढच्या ऑर्डरसाठी रिकामी केलेली. दुसरी कॉपी कुठेच नाही.

झालं असं की लॅपटॉप घेताना ५१२ जीबीचा घेतला, १ टीबीवाल्याला दुकानदार बारा हजार जास्त सांगत होता, म्हणून म्हटलं नंतर दुसरी एसएसडी, म्हणजे स्टोरेजची ड्राइव्ह, आपणच टाकू. यात त्याचं काही चुकलं नाही, मी स्वतः गिऱ्हाइकाला हेच सांगतो, दुसरा स्लॉट रिकामा असेल तर कंपनीला जास्तीचे पैसे कशाला द्यायचे, आणि बाहेरच्या चांगल्या एसएसडीला पाच वर्षांची वॉरंटी मिळते, लॅपटॉपला बहुतेक वेळा एकच वर्ष. फक्त स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असेल तर घेतानाच मोठं घ्या, तिथे नंतर काही करता येत नाही.

तर याने घरीच खालचं झाकण उघडून ड्राइव्ह बसवली, ती दिसेना, मग कुणीतरी सांगितलं बायोसमधे, म्हणजे विंडोज चालू व्हायच्या आधीच्या सेटिंगमधे, जाऊन सिक्युअर बूट बंद कर, ते म्हणजे चालू होताना फक्त खात्रीचीच सिस्टीम उघडू देणारी सेटिंग. केलं. आणि तिथेच अडकला, कारण बिटलॉकरची किल्ली लॅपटॉपमधल्या टीपीएम नावाच्या सुरक्षा भागाच्या ताब्यात असते आणि चालू होतानाची सेटिंग पहिल्यासारखी दिसली तरच टीपीएम ती किल्ली सोडतो. रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेव्ह होते, पण लॅपटॉप विकला तेव्हा दुकानातल्या पोराने स्वतःच्याच ईमेलने सेटअप करून दिलेला आणि तो आता नोकरी सोडून गेलेला, फोन लागत नाही. ह्या गोष्टीचा मला फार राग येतो, गिऱ्हाइकाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवायची आणि त्याला सांगायचंही नाही.

मी त्याला एकच विचारलं, टीपीएम क्लिअर वगैरे काही केलंस का? तो पुसला की आतली किल्ली गेलीच. नाही म्हणाला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. नवीन ड्राइव्ह काढली, सिक्युअर बूट परत चालू केलं, सेव्ह करून रिस्टार्ट. विंडोज सरळ उघडलं, की मागितलीच नाही. पोरगा काही बोलला नाही, स्टुलावर बसला नुसता.

आधी सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतले, त्याला दोन तास गेले, घरी फोन करून सांगितलं जेवून घ्या. मग कमांड देऊन ती ४८ आकडी की बाहेर काढली.

आणि नवीन ड्राइव्ह का दिसत नव्हती, तर ती एम.२ आकाराची होती पण साटा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची. कडेला दोन खाचा असल्या तर ती बहुतेक साटाच असते, नव्या पद्धतीच्या एनव्हीएमईला साधारण एकच खाच. स्लॉटमधे दोन्ही बसतात पण याचा स्लॉट फक्त एनव्हीएमई घेणारा. शिवाय स्क्रूच नव्हता, कंपनी रिकाम्या स्लॉटला बऱ्याचदा देत नाही, त्यामुळे ड्राइव्ह तिरकी उभी राहिलेली आणि झाकणाने दाबली गेलेली. नशीब स्लॉट तुटला नाही.

मंगळवारी बदलून १ टीबीची एनव्हीएमई घेऊन आला. बॅटरीचा कनेक्टर काढून बसवली, माझ्याकडचा छोटा स्क्रू लावला, डिस्क मॅनेजमेंटमधे इनिशियलाइज केली, ९३१ जीबी दिसली. ६९ जीबी कुठे गेले म्हणून विचारलं त्याने, कंपनीची आणि विंडोजची मोजायची पद्धत वेगळी हे समजावून सांगितलं. जाताना त्याने स्वतःच्याच व्हिजिटिंग कार्डाच्या मागे ते ४८ आकडे लिहिले, दोनदा ताडून पाहिले आणि कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत आतल्या कप्प्यात ठेवलं.