तुम्ही विचारलंत म्हणून: समिती असताना मुलांना यात कशाला ओढता?

दरवर्षी प्रथम वर्षाच्या पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, कायदा आहे, समिती आहे, तुम्ही सगळे शिक्षक आहात. मग या लैंगिक छळाच्या प्रकरणांत पोरांना कशाला ओढता? त्यांना शिकू द्या की!" विचारणाऱ्याचा सूर बहुधा काळजीचा असतो आणि प्रश्नही रास्त आहे, म्हणून सभेतल्या घाईत जे सांगता येत नाही ते येथे लिहीत आहे. तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात गेली नऊ वर्षे मी लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर आहे. गावात अजूनही बहुतेक जण तिला 'विशाखा समिती'च म्हणतात.

पहिली गोष्ट अशी की, विद्यार्थ्यांना आम्ही ओढत नाही, नियमच त्यांना आत घेतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरचे तीन विद्यार्थी असले पाहिजेत, आणि तेही नेमलेले नव्हे, तर पारदर्शक पद्धतीने निवडून आलेले. याच विनियमांनी कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरील व्यक्तींना मात्र समितीबाहेर ठेवले आहे. ही दोन कलमे मी पालकांना नेहमी एकापाठोपाठ एक वाचून दाखवते, कारण ज्याच्या एका सहीवर मुलीची अंतर्गत गुणपत्रिका अडते त्याच्यासमोर ती तोंड उघडणार नाही, हे नियम करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते, हे त्यांवरून लगेच कळते.

ही कल्पना कागदावर जन्मली नाही. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भँवरी देवी या कार्यकर्तीवर सामूहिक बलात्कार झाला; त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठी विशाखा मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि दोनच वर्षांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात 'जीएसकॅश' ही लैंगिक छळविरोधी समिती स्थापन झाली. तिच्यात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी विद्यार्थ्यांनीच मतदानाने निवडलेले असत. निवडणूक म्हटली की उमेदवाराला लोकांसमोर उभे राहून बोलावे लागते, आणि छळ म्हणजे काय, तक्रार कुठे करायची, गोपनीयता कशी राखली जाते, हे शेकडो मुलामुलींच्या कानावर कुठल्याही व्याख्यानाविना पडते. माझ्या मते त्या समितीचे अर्धे प्रतिबंधक काम तिच्या निवडणुकीतच होत असे. सप्टेंबर 2017 मध्ये विद्यापीठ प्रशासनाने ती बरखास्त करून नवी अंतर्गत समिती नेमली, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर का उतरले हे त्यामुळे मला समजावून घ्यावे लागले नाही. त्याच आठवड्यात बनारस हिंदू विद्यापीठात एका विद्यार्थिनीची संध्याकाळी आवारातच छेड काढली गेली. दाद मागायला गेल्यावर, एवढ्या उशिरा बाहेर कशाला होतीस, असे उलट विचारले गेल्याचे विद्यार्थिनींनी सांगितले. सिंहद्वारावर धरणे धरून बसलेल्या त्या मुलींच्या मागण्या मला फार महत्त्वाच्या वाटतात: रस्त्यावर दिवे हवेत, आणि सुरक्षा व्यवस्थेने जबाबदारी घ्यावी. तिथे लाठ्या चालल्या ही नंतरची गोष्ट. पण कोणत्या रस्त्यावर अंधार असतो हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या मुलीइतके कुणाला माहीत असणार?

आता आमच्याकडचे सांगते, आणि त्यात चूक माझीच आहे. महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका बंद झाल्या. 2016 च्या कायद्याने त्यांची पुन्हा तरतूद केली, पण त्या पुढे ढकलल्या जात राहिल्या, आणि निवडणुकीची सवयच मोडली. मग 'निवडून आलेले विद्यार्थी' आणायचे कुठून? अध्यक्ष झाल्यावर पहिली काही वर्षे मी गुणवत्ता यादीतील दोन मुली नेमल्या आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये त्यांची नावे लावली. त्या वर्षांत एकही तक्रार आली नाही आणि प्राचार्य अहवालात 'शून्य तक्रारी' असे अभिमानाने लिहीत राहिले. नंतर वसतिगृहातील एका मुलीने मला सहज सांगितले, "मॅडम, त्या तुमच्या आहेत, आमच्या नाहीत." तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती फक्त माहिती देत होती. पुढच्या वर्षी आम्ही वर्गावर्गांत चिठ्ठीवर मतदान घेऊन प्रतिनिधी निवडले आणि वर्षभरात चार तक्रारी आल्या. प्राचार्य हवालदिल झाले. मला मात्र बऱ्याच दिवसांनी आपण काहीतरी बरोबर केले असे वाटले.

तरीही तक्रार ही नंतरची पायरी आहे. घडलेली गोष्ट मुलगी सर्वांत आधी खोलीतल्या मैत्रिणीला सांगते, आणि ती मैत्रीण "जाऊ दे, परीक्षा जवळ आली आहे" म्हणते की "तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते, चल, मी येते" म्हणते, यावर पुढचे सगळे ठरते. ही तीन महिन्यांची मुदत समितीला आणखी तीन महिने वाढवता येते, हेही त्या मैत्रिणीला माहीत असावे लागते.

प्रतिबंधाचा आमच्याकडचा सर्वांत मोठा प्रसंग मात्र गॅदरिंगमधल्या फिशपाँडचा आहे. जे महाराष्ट्रात शिकले त्यांना सांगायला नको: बुटाच्या खोक्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि माइकवरून वाचायच्या. त्यांतल्या निम्म्या मुलींच्या चालण्यावर, अंगावर, कुणाबरोबर दिसली यावर असतात, आणि सभागृह हसत असताना त्या मुलीलाही हसावे लागते. दोन वर्षांपूर्वी प्रतिनिधींनीच ठरवले की चिठ्ठ्या आधी दोन मुली आणि दोन मुलगे वाचतील. मी त्या खोलीत गेले नाही, बाहेर एका मुलाचा आवाज ऐकू आला, "अरे, ही मीच लिहिली होती. काढा." या वाक्यासाठी मी किती व्याख्याने ठेवली असती, याचा हिशेब मी करत नाही. बंदी घातली असती तर तोच मुलगा पुढची चिठ्ठी भिंतीवर लिहून मोकळा झाला असता.

पालकांची एक भीती खरी आहे आणि ती मलाही वाटते: मुले स्वतःच न्यायाधीश होतील. 2017 मध्ये लैंगिक छळाचे आरोप असलेल्या प्राध्यापकांच्या नावांची एक यादी समाजमाध्यमांवर फिरली, तेव्हा व्यवस्थेवरचा अविश्वास मला कळला, पण आरोपीचे म्हणणे ऐकण्याची जागाच त्यात नव्हती, हेही खरे. म्हणून आमच्या प्रतिनिधींना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या जातात: चौकशी तुमची एकट्याची नाही, समितीची आहे, आणि नाव तुमच्या तोंडून बाहेर जाणार नाही. हे सोपे नसते. गेल्या वर्षीच्या प्रतिनिधी मुलीने एका प्रकरणात तिच्याच वर्गातल्या मुलाचा जबाब ऐकला आणि नंतर तीन महिने ती त्याच्यासोबत प्रयोगशाळेत एकाच टेबलावर काम करत राहिली.

यंदा पदवीच्या जागेसाठी पाच जण उभे आहेत. पदव्युत्तरसाठी एकही अर्ज आला नाही, म्हणून मुदत आठ दिवसांनी वाढवली आहे आणि उद्या पुन्हा एकदा त्या वर्गांत जाऊन सांगायचे आहे.