पैज किती लावायची, हे उद्यमनगरातच ठरवलं

ब्लॅकजॅकमध्ये, म्हणजे कॅसिनोतल्या एकवीसच्या पत्त्यांच्या खेळात, पानं मोजणं त्या मानाने सोपं. दुर्री ते छक्की आली की अधिक १, दश्शी, चित्रं, एक्का आला की उणे १, मधली सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य. बेरजेला उरलेल्या कॅटांनी भागलं की खरा काउंट. वर्कशॉप बंद झालं की मी आणि विज्या पानं पिसून हेच करत बसायचो.

खरी पंचाईत पैजेची. विज्या म्हणायचा, "काउंट चढला की दाबून लावायची भावा, भ्यायचं न्हाई."

मी वही काढली. नुसत्या बेसिक स्ट्रॅटेजीने (पानं न मोजता, प्रत्येक हाताला ठरलेली योग्य चाल) खेळलं तर कॅसिनोच साधारण अर्धा टक्का पुढे असतो. काउंट एकने वाढला की आपल्याकडे जवळपास अर्धा टक्का सरकतो, म्हणजे +३ ला आपला फायदा फक्त १ टक्का. अशा काउंटला हजाराने शंभर डाव खेळले तर सरासरी कमाई हजार रुपये, आणि प्रमाण विचलन (त्या सरासरीपासून साधारण किती वरखाली होणार) साडेअकरा हजार! आकडा बघून विज्या चहा सांगायला उठला.

पैज किती लावायची, हे काढायचं पुढचं काम बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या जॉन केलीच्या १९५६ च्या सूत्राचं. भांडवल गुणिले फायदा, भागिले १.३ (ब्लॅकजॅकचा चढउतार साधारण तेवढा). माझे बाजूला काढलेले दोन लाख धरून +३ ला दीड हजार येतात. पण पूर्ण केलीने, म्हणजे सूत्राच्या पूर्ण आकड्याने, खेळलं तर भांडवल कधी ना कधी निम्म्यावर येण्याची शक्यता ५० टक्के. पैज निम्मी केली की ती साडेबारावर येते आणि वाढीचा वेग तीन-चतुर्थांश राहतो. मी डोळे झाकून निम्मी घेतली: +३ ला साडेसातशे, +४ ला साडेअकराशे.

पणजीला बोटीवरच्या कॅसिनोत गेलो तर टेबलाची किमान पैज हजार. म्हणजे +३ बाद. पानं सतत पिसणारं मशीन असेल तिथे मोजून उपयोगच नाही, ती टेबलंही बाद. उरलेल्या टेबलामागे उभं राहून मोजत राहायचं, +४ झालं की बसायचं, उतरलं की उठायचं. +४ क्वचितच येतो. विज्या वैतागून जेवणाकडे वळला, आणि तिथलं जेवण बरं असतं हे मान्य करायला हवं.

+३ ला बसायचं तर भांडवल दोन लाख साठ हजार हवं. वर्कशॉपच्या खात्याला हात लावायचा नाही, त्यामुळे सध्या +४ लाच बसायचं.