पत्रात ‘निवृत्ती’, वय ५२

नवी औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, त्याच्या आधीचं हे प्रकरण. कांदोळीच्या एका हॉटेलातल्या स्ट्युअर्डकाकांना पत्र मिळालं: ‘तुम्हाला निवृत्त करण्यात येत आहे.’ वय ५२, नोकरी २६ वर्षांची.

पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार खात्यासमोर समेटाची बैठक लागली. काकांची बाजू मांडायला मी. एचआरचा तरुण अधिकारी बोलता बोलता म्हणून गेला, “सर, गेस्टना फ्रेश चेहरे लागतात.” काकांनी आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. खासगी नोकरीत वयावरून भेदभाव करू नये असं सांगणारा सरळ कायदाच आपल्याकडे नाही. घटनेचं १६वं कलम सरकारी नोकरीपुरतं, आणि त्यातल्या धर्म, जात, लिंगाच्या यादीत वय नाहीच. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींचा १९८१चा निकाल सगळे तोंडावर फेकतात; पण त्यातही पस्तिशीला निवृत्तीची मर्यादा सर्वोच्च न्यायालयानं चुकीची ठरवली नव्हती. पहिल्या गरोदरपणात काढण्याची अट आणि पस्तिशीनंतर मुदतवाढ देण्या-न देण्याचा व्यवस्थापनाचा मनमानी अधिकार तेवढा रद्द झाला.

म्हणून मी वय सोडलं आणि नेमणूकपत्र धरलं. काकांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत जपलं होतं. एकच पान: पगार, युनिफॉर्म, दोन वेळचं जेवण. निवृत्तीचं वय कुठेच नाही. तेव्हा लागू असलेल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात वयाची अट करारात असेल तरच ती निवृत्ती. एरवी अशी नोकरी घालवणं म्हणजे कामगारकपात. अशा कपातीला महिन्याची नोटीस किंवा पगार, दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, शिवाय २५-जी कलम: शेवटी आला तो आधी जाईल.

“ते सुपरवायझर होते, कामगार नव्हेत,” समोरून आलं. म्हणजे हा कायदाच त्यांना लागू नाही.

“बाई, मी ट्रे उचलतो,” काका म्हणाले. “रजा कोणाची मंजूर करणार?”

समेट अधिकाऱ्यांनी ज्येष्ठता यादी मागितली. काकांच्या मागून आलेले स्ट्युअर्ड सगळे कामावर होते. एचआरवाला फोन घेऊन बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही. पुढच्या तारखेला पत्र मागे घेतल्याचं लेखी दिलं. मला यात कायद्याचा विजय वगैरे दिसत नाही. काका सर्वांत नवे असते तर २५-जीचा काडीचा उपयोग नव्हता.

कामावर गेले आणि आठवड्याभरात कायमची रात्रपाळी लागली. शिफ्टची पद्धत बदलायची तर त्याच कायद्याच्या कलम ९-ए खाली २१ दिवसांची नोटीस लागायची, ती दिलीच नव्हती. त्याच संध्याकाळी दुसरा अर्ज टाइप करायला घेतला.